आधी खाकरा

केरबा सरगर कतारला, दोह्यात आला तेव्हा त्याच्या मिश्या काळ्याभोर होत्या. बावीस वर्षांत या वायरमनने जेवढी वायर ओढली, तेवढीत सांगोला तालुक्याला दोन वेढे बसले असते. पण सगळी जमिनीखाली, नाहीतर भिंतीच्या पोटात. आपलं काम कुणाला दिसत नाही याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. वाटायला लागलं ते यंदा, कंपनी पन्नाशीपुढच्या माणसांना घरी पाठवू लागली तेव्हा.

नेमकी त्याच सुमारास कतार सरकारची योजना आली. गच्चीवर सोलर बसवा, उरलेली वीज सरकारच्या लाइनला सोडा, तेवढी बिलातून वजा करून घ्या. आता इथल्या नागरिकाला राहत्या घराची वीज सरकारच फुकट देतं. तो कशाला डोक्यावर लोखंड चढवून घेईल? केरबाने हे विचारल्यावर उल्का मॅडम हसल्या. कंपनीतली ही सोलर इंजिनिअर पुण्याची, त्याच्या थोरलीच्या वयाची.

"केरबाकाका, फुकट आहे ती घराला, धंद्याला नाही. फैसलसाहेब अल गराफा भागातल्या त्यांच्या व्हिलात लहान मुलांची नर्सरी चालवतात, त्यांना बिल येतं. तेच आपलं पहिलं गिऱ्हाईक."

मॅनेजरने आडपडदा ठेवला नव्हता. गुरुवारी सरकारी इन्स्पेक्टर येणार. काम पास झालं तर सोलरचा वेगळा विभाग निघेल आणि केरबा त्याचा फोरमन. नाहीतर खलास, पुढच्या महिन्यात संपणारा त्याचा इथे राहण्याचा परवाना पुन्हा निघणार नव्हता. केरबाला आणखी दोनच वर्षं हवी होती. धाकटी सोनम सोलापुरात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करत होती. बापाचीच विद्या लेकीने घेतलेली. ती अर्ध्यावर सुटली असती तर ते त्याच्या जिवाला लागलं असतं.

त्यामुळे तो झटून कामाला लागला. बरोबरचे चौघे गडी, दोन नेपाळी आणि दोन बंगाली, त्याच्या एका गोष्टीला मात्र हसायचे. गच्चीच्या दाराशी आला की केरबा थांबायचा, तीनदा दणकून खाकरायचा, मनात वीसपर्यंत मोजायचा आणि मगच दार उघडायचा. शेजारच्या घराचं अंगण गच्चीवरून सरळ दिसायचं, आणि बायकामाणसं असतील तिथे खाकरल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे त्याच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. दोह्यात आला म्हणून काय ते सुटणार होतं?

सोमवारी त्याला हमद पोर्टवर इन्व्हर्टर सोडवून आणायला पाठवलं. इकडे गडी थेट गच्चीवर चढले. खाली अंगणात उम्म जासिम ही म्हातारी शेजारीण नुकतं न्हाऊन केस मोकळे सोडून बसली होती. चार परके पुरुष डोक्यावर उभे पाहून तिने जो आरडाओरडा केला, तो म्हणे शेवटच्या गल्लीत ऐकू गेला.

केरबा परतला तेव्हा काम बंद पडलेलं होतं. उल्का मॅडमनी आडोशाचा पत्रा लावायची तयारी दाखवली, नकाशे पसरले. फैसल ऐकेना. "शेजारीण माझ्या आईसारखी आहे," तो म्हणाला. "ती नको म्हणाली की नको. योजना गेली खड्ड्यात."

केरबाने हेल्मेट काढून ठेवलं आणि कुणाला न विचारता शेजारच्या फाटकाशी गेला. तिथे पोचल्यावर त्याचं धाबं दणाणलं. काय बोलायचं, कोणत्या भाषेत? सवयीने तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि तीनदा खाकरला.

आतून मोडक्यातोडक्या हिंदीत म्हातारीचा आवाज आला. "खांसीवाला! तू आज किधर था?"

ती म्हातारी पहिल्या दिवसापासून त्याला ओळखत होती. खाकरणं ऐकू आलं की ती उठून आत जायची, आणि या बिचाऱ्याची छाती बिघडली आहे म्हणून हळहळायची. मोलकरणीने मधाची बाटलीच बाहेर आणून दिली. केरबाने ती कपाळाला लावली आणि आपण आजारी नाही, हे आमच्याकडचं वळण आहे, असं सांगितलं. म्हातारी एवढी हसली की तिलाच ठसका लागला. "सब आदमी खांसी करेगा, फिर काम करेगा," तिने हुकूम सोडला.

मंगळवारी केरबाने चौघांची खाकरण्याची तालीम घेतली. उल्का मॅडमनी कामाच्या यादीत हेल्मेट, पट्टा, बूट यांच्याखाली चौथी ओळ टाकली. आणि गुरुवारी इन्स्पेक्टर तरातरा जिना चढून दाराच्या कडीला हात घालणार, तोच केरबा आडवा आला.

"साहेब, आधी खाकरा."

साहेबाने त्याच्याकडे पाहिलं, त्याने शेजारच्या घराकडे केलेलं बोट पाहिलं, आणि समजून खाकरला. काम पास झालं.

शुक्रवारी जेवणं उरकल्यावर फोरमन केरबाने घरी फोन लावला आणि सगळी हकीकत रंगवून सांगितली. आपली बायको पोट धरून हसेल असं त्याला वाटलं होतं. पण केसरबाईने नुसतं 'बरं' म्हटलं.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. त्या म्हातारीनं चार दिस ऐकलं. आपल्या दारात दोन वरसं कोण खाकरलं न्हाई."

"फोरमनला दरसाल सुट्टी असती," केरबा म्हणाला. "दिवाळीला येतोय."

"तवाचं तवा. आत्ता एकदा खाकरा की."

खोलीत सोबत राहणाऱ्या पाचजणांसमोर केरबा तीनदा खाकरला. पलीकडे बांगड्या वाजल्या. केसरबाईने पदर सारखा केला होता.

"या," ती म्हणाली.