समाजसुधारकांचं शूटिंग आणि आमची मंडळी

शूटिंगचे किस्से म्हणजे माळ्यावरचे डबे. एक काढायला जावं, तर चार अंगावर येतात!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. निफाडजवळ एका समाजसुधारक जोडप्यावरच्या सिनेमाचं शूटिंग लागलं. गर्दीतली माणसं म्हणून आमचं नाशिकचं हौशी नाटक मंडळ अख्खं हजर!

आमचे अण्णा बँकेत कॅशियर. गोरेपान, घारे डोळे. म्हणून थेट इंग्रज कलेक्टर! सीन असा, की समाजसुधारक विनवतात, "साहेब, मुलींच्या शाळेला परवानगी द्या." अण्णांनी फक्त "नो!" म्हणून गरजायचं. हीरो कळवळून बोलला. अण्णा उठले आणि म्हणाले, "लंच टाइम झालाय. तीन नंबरच्या खिडकीवर जा!"

हीरोला सिगारेटची तलफ फार. ब्रेकमध्ये पागोट्यासकट द्राक्षबागेमागे जाऊन त्यानं एक पेटवली. तेवढ्यात तिथले एक आजोबा आले. आधी पाया पडले, मग त्याच्या तोंडातली सिगारेट काढून घेतली. "तुम्हीच असं केलं तर आम्ही कुणाकडं बघायचं?"

शूटिंग संपेपर्यंत बिचारा बडीशेप चघळत होता!

समाजसुधारकांच्या निधनाचा सीन. आमच्या सुधाताई हंबरडा फोडून रडल्या. दिग्दर्शक "कट" म्हणाला तरी थांबेनात. शेवटी प्रेतच उठून बसलं आणि त्यांचा हात धरून म्हणालं, "ताई, मी बरा आहे हो!"

त्यावर त्या आणखी रडल्या.

आणि शकुमावशी! मखमलाबादला त्यांचा झेंडूचा मळा. शाळेत निघालेल्या बाईंवर शेण फेकायचं काम त्यांच्याकडे आलं. शेण म्हणून माती कालवलेली. "अ‍ॅक्शन!" झालं, मावशी ढिम्म.

"मावशी, फेका ना!"

"नाय. या बाईनं शाळा काढली म्हणून माझी पोरगी नर्स झाली. तिच्यावर शेण टाकू?"

दिग्दर्शकानं समजावलं, मग आवाज चढवला. "अहो, ही नटी आहे! खोटं आहे सगळं!"

मावशी हलेनात. शेवटी नटीच जवळ आली. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू. मावशींचा हात हातात घेऊन म्हणाली, "मावशी, लोकांनी काय काय सोसायला लावलं, ते दिसायला नको का? माझ्यासाठी फेका."

मावशींनी डोळे पुसले. गोळा उचलला. "अ‍ॅक्शन!"

गोळा सुटला तो थेट कॅमेऱ्याशेजारी, दिग्दर्शकाच्या तोंडावर!

त्यानं चष्मा काढला, पुसला आणि समजुतीनं म्हणाला, "असू दे मावशी. चुकतो एखाद्याचा नेम."

मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या, "चुकला नाय."