रविवारी लाईट घालवणारे यूसुफचाचा

नाही म्हणजे नाही. चाचांच्या फोटोखाली टाकायला मी चार ओळी लिहून देणार नाही.

म्हात्रे सर, सकाळी फोनवर तुम्ही मला बोलू दिलं नाहीत. म्हणून इथे पोस्टमध्ये बोलते. सगळ्यांसमोर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भिवंडीत आमचं एक छोटं संगीत मंडळ आहे. सर सेक्रेटरी, मी मागे तानपुऱ्यावर. दिवाळीनंतर दर महिन्याला एक बैठक. एक खोली, एक सतरंजी, माईक नाही. गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

म्हणजे, शुक्रवारी येतो.

कारण खोलीच्या भिंतीला लागूनच यूसुफचाचांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. शुक्रवारी सुट्टी. बाकीचे दिवस नुसती खटाखट, शेजारी बसलेल्याशी बोलायचं तरी ओरडून.

म्हणून आमचा सगळा सीझन शुक्रवारचा. बाकी लोक कलाकाराची तारीख बघतात, आम्ही लूमची सुट्टी बघायचो.

आज चाचांना जाऊन वर्ष झालं.

आणि आजच नवीन सीझनचं पोस्टर आलं. सगळ्या बैठका ठाण्यात. एसी हॉल, साऊंड सिस्टीम. वर चाचांचा फोटो, खाली 'स्मृती मालिका'.

चाचा गाण्यातले नव्हते. पहिल्यांदा आमच्या दारात येऊन बसले तेव्हा मी विचारलं होतं, "चाचा, गाणं आवडतं?"

"समजत काय नाय बेटा. पण शुक्रवारी लूम बंद, घरात झोप लागत नाय. एवढी शांतता खायला उठते. तिथे छत बघत पडायचं, तर इथे बसतो."

मग दर बैठकीला. चपलांच्या शेजारी, चौकटीला टेकून.

सर पुढे बोलवायचे. "इथेच बरा. डोळा लागला तर तुमचा गवय्या नाराज होईल."

आणि लागायचा डोळा. भर आलापात. घोरायचे नाहीत, तेवढी इज्जत राखली.

मग एकदा एक सारंगीवाले खाँसाहेब यायचे होते. फार म्हातारे. त्यांना फक्त रविवार जमत होता.

सर म्हणाले, कॅन्सल करू.

मी कारखान्यात गेले. लूमच्या आवाजात ओरडून विचारलं, "चाचा, रविवारी दोन तास बंद ठेवाल?"

"पागल झाली काय? ऑर्डर आहे! मुलगा मलाच बाहेर काढेल!"

सरांनी खाँसाहेबांना सांगितलं, आवाज असेल. ते म्हणाले, येतो तरी, बघू.

रविवारी त्यांनी सारंगी लावायला घेतली. काही ऐकूच येईना. कान तारांवर टेकवलेला, डोळे मिटलेले, कपाळाला आठ्या. मला रडू यायचं बाकी होतं.

आणि खटाखट थांबली.

एकदम. सगळी.

भिंतीपलीकडून मुलाचा आवाज, "अब्बा, क्या हुआ?"

"लाईट गयी!"

"और कारीगर लोग?"

"उनका मैं देखता. तू चाय पी के आ."

जरा वेळाने चाचा आमच्या दारात. घामाघूम. आपल्या जागेवर, चपलांशेजारी बसले. मी बघतेय म्हटल्यावर मलाही म्हणाले, "लाईट गेली."

आमच्या डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता.

खाँसाहेबांनी पंख्याकडे पाहिलं. मग चाचांकडे. म्हणाले, "अल्लाह करे, देर से आए."

आणि वाजवायला लागले.

मागून कारीगर आले, जिन्यात उभे राहिले, केसांत कापूस. शेवटी मुलगाही आला, हातात चहाचा ग्लास. त्यानेही पंखा बघितला. बापाशेजारी बसला.

त्या दिवशी चाचांचा डोळा लागला नाही.

हा माणूस तुम्हाला पोस्टरवर पाहिजे, सर. ठाण्यात.

सकाळचा फोन:

"अगं, भिवंडीत येतं कोण? मागच्या बैठकीला मोजून सहा-सात माणसं. त्यात एक तुझी आई."

"आई माणूस नाही का?"

"ठाण्याला हॉल भरेल. चाचांचं नाव होईल."

"चाचा कधी गेले ठाण्याला गाणं ऐकायला?"

"तू लिहितेस चांगलं. भावनिक काहीतरी दे. चार ओळी."

मी काही बोलायच्या आत सरांचा आवाजच बदलला. "दमलो गं मी. किती वर्षं सतरंजी एकट्याने घालतोय. आता न्हाय जमत."

आणि फोन ठेवला.

हे मात्र खरं आहे, सर. तेच जास्त लागलंय.

फोननंतर खोलीवर गेले. भर दुपार. आज शुक्रवार नाही.

चाचांच्या मुलाने लूम भंगारात काढलेत. किलोवर गेले. त्याला दोष देत नाही, धंदाच उरला नाही. शटरवर पाटी आहे, भाड्याने देणे आहे.

तानपुरा लावायला बसले. पटकन लागला. इतका पटकन कधीच लागला नव्हता.

भिंतीपलीकडे काहीच नाही.

आता सगळे वार आपले आहेत, सर. सोमवार घ्या, बुधवार घ्या. कुणाला खोटं बोलून मेन स्विच पाडायला नको.

आणि बैठक एकही नाही.

बराच वेळ वाजवत राहिले. दाराकडे बघायचं टाळत होते. मग बघितलं.

तिथे फक्त माझ्या चपला.

फोटो काढा पोस्टरवरून. नाही काढलात तर मी काय करणार आहे म्हणा.

तानपुऱ्याला गवसणी घातली. खोलीची किल्ली खाली चहावाल्याकडे दिली. मंडळाच्या ग्रुपमधून बाहेर पडले. इथल्या कमेंट बंद केल्यात, मला कुणी समजवायचं नाही.

चाचा, तुमच्या तिकडेही फार शांत असेल.

झोप लागते का हो?

घरी निघते मी.