थकवा: एक

१९९९ च्या जूनमध्ये, शाळा उघडायच्या आठवड्यात, गोखिवऱ्यातल्या आमच्या इमारतीतले पीटीचे सर 'कामास पात्र' ठरले. तपासणी चार मिनिटं चालली. सोबत त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, होत्या आणि मी होतो.

"पूर्ण मोजा," हे सरांचं वाक्य. असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. कोणी सातावर दंड सोडले की पुन्हा एकपासून. मी जिन्यात धापा टाकत थांबलो की वरून विचारत, "काय पत्रकार, बातमी निसटली वाटतं?"

जानेवारीत त्यांना पक्षाघात झाला. चालणं परत आलं, बोलणं आलं नाही. तोंडात फक्त आकडे उरले, तेही एकपासून ओळीने. हवा तो आकडा आला की सर हात वर करत, मैदानावर रांग थांबवावी तसा.

"पोळ्या किती?" वहिनी विचारत.

"एक, दोन, तीन." हात वर.

"चारच करते. परत मोजायचा ताप नको."

नुसती अंघोळ झाली तरी सरांना तासभर पडून राहावं लागे. म्हणून मैदानाऐवजी ग्रंथालयाचं काम मागितलं होतं. संस्थेला डॉक्टरांचा दाखला हवा होता.

डॉक्टर बटाटेवडा खात होते. त्याच बोटांनी त्यांनी फॉर्म ओढला.

"थकवा किती येतो? एक ते दहामध्ये सांगा."

"एक," सर म्हणाले.

डॉक्टरांनी लिहिलं.

"साहेब, थांबा. ते मोजतायत अजून," वहिनी म्हणाल्या.

"आकडा विचारला, आकडा दिला. तुम्ही मध्ये बोलू नका, बाई."

"चार, पाच."

"बोलतोय की चांगला," कारकून म्हणाला. दोघं हसले. शिक्का बसला, पुढच्याला हाक गेली. मी वही काढेपर्यंत आम्ही दाराबाहेर होतो.

तिथे सर नऊवर पोचले. त्यांनी हात वर केला. वहिनींनी तो खाली घेईपर्यंत तसाच होता.

सर तीन दिवस मैदानावर गेले. चौथ्या दिवशी कवायत घेताना सातावर खाली बसले. मुलं हात ताणून आठाची वाट पाहत उभी राहिली. त्याच दुपारी सर गेले.

तो फॉर्म मी नंतर शाळेच्या फायलीत पाहिला. थकव्याच्या रकान्यात १ आहे. त्यावर तेलाचा डाग आहे.