पेटीचा तळ

माझ्या मूर्खपणांत पहिला मान एका पुठ्ठ्याच्या पेटीचा. लेक आखातात, पाचवा महिना, डोहाळा फणसपोळीचा. मी पोळी, आमसुलं, कुळथाचं पीठ पिशव्यांतून भरलं आणि पेटीच्या तोंडावर वह्यांना लावतात ती अरुंद, चकचकीत टेप सात वेळा फिरवली. तळाच्या घड्या नुसत्या एकात एक अडकवल्या. तळ कोण बघतंय?

खरं तर महाडच्या बाजारात हमीदभाईंनी मला अडवलं होतं. आखातात पेट्या बांधून परतलेला माणूस. इथे खोकी आणि टेप विकायचे. त्यांची रीत एकच: खोक्याला पट्टी लावायची, अंगठ्याने घासायची आणि हिसडा मारून उपटायची. "पुठ्ठ्याचं कातडं घेऊन आली पायजे, वयनी. नुसती सुटली तर ती टेप नाय, पावणी."

मी तेव्हा चाळिशीतली, पोलादपूरची अतिशहाणी. वाटलं, रुंद खाकी टेप गळ्यात मारतायत. म्हटलं, "लेकीला खाऊ पाठवायचाय, सिमेंट नाही!"

"मग न्या ती नटवी," म्हणाले आणि हसले.

पेटी आखातात निघालेला त्यांचाच पुतण्या नेणार होता. वीर स्टेशनात गाडीची घोषणा झाली, त्याने पेटी उचलली आणि तळ उघडला. वरच्या सात पट्ट्या शाबूत, खाऊ फलाटावर! पिठाची पिशवी फुटली ती वेगळीच.

पुतण्याला पोचवायला आलेले हमीदभाई खाली बसले. खिशातून खाकी टेप काढली, पण लावेनात. पेटी वाण्याकडची, तेलाच्या पिशव्यांची; तळ तेलकट.

"अहो, गाडी आली!" मी रडकुंडीला.

"येऊ दे. तेलावर टेप आन् रागावर समजूत, दोन्ही नाय चिकटत."

सांडलेलं पीठ त्यांनी त्या डागांवर चोळलं, आपल्या पांढऱ्या रुमालाने स्वच्छ पुसलं. मधल्या फटीवर एक पट्टी, दोन्ही कडांना एकेक. मग वरच्या सात पट्ट्या सोडवल्या, खाऊ भरून वरही तसंच. गाडी हलता हलता पेटी आत गेली.

हमीदभाई आता नाहीत. पण खोकं बांधायचं झालं की मी आधी पट्टी उपटून कातडं बघते. नात म्हणते, आजीला वेड लागलंय.

ती नात तेव्हा पोटात होती. चार दिवसांनी लेकीचा फोन आला: पेटी सुरीने कापावी लागली, आणि पोळी अर्धी संपलीसुद्धा. मी तशीच महाडला दुकानात जाऊन सांगितलं. हमीदभाईंनी मान वर न करता पट्टी उपटली, कातडं बघितलं आणि म्हणाले,

"बरं झालं. ती नटवी फेकू नका हां, वयनी. नातवंड शाळंत गेलं की वह्यांना लागंल."