कंपाउंडातली रडकी

बाळाचे लंगोट आणि कंपाउंडातले किस्से सारखेच. दोरीवरचे वाळतात न वाळतात तोच नवीन ढीग तयार!

आम्ही वाशीमच्या मिशन कंपाउंडात राहतो. मुलींचं जुनं वसतिगृह ओस पडलं होतं. चर्चनं त्याच्या खोल्या डागडुजी करून आमच्यासारख्या बेताच्या कमाईवाल्यांना कमी भाड्यानं दिल्या. धर्म कुणी विचारला नाही. करार मात्र अकरा महिन्यांचा, पुढचं कमिटी ठरवणार. म्हणजे मला काळजी करायला अकरा महिने मोकळे.

*

राहायला आलो त्याच आठवड्यात कमिटीतल्या सुमनमावशी बघायला आल्या. चर्चची खोली, म्हणून मी घाईघाईनं देव कपाटात ठेवले. मावशींची नजर थेट कोनाड्यावर. हळदीकुंकू तिथंच राहिलेलं!

"देव कुठं गेले?"

मी कपाटाकडे पाहिलं. एम.ए. झालेल्या बाईला एवढंच सुचलं.

"काढ वं बाहेर," मावशी म्हणाल्या. "गुदमरतीन ना ते."

*

सासूबाई मेडशीहून आल्या त्या पाहणीलाच. इथं आपल्याला बाटवतील ही धास्ती. रविवारी मी बाळात गुंतले, तर ह्या गायब! शोधलं तर चर्चमध्ये, शेवटच्या बाकावर पाय वर घेऊन बसलेल्या.

काय ऐकलं, म्हणून नवऱ्यानं विचारलं.

"मले काय समजते? पन तिथला पंखा लय चांगला हाय. तुमच्या खोलीत तसा काहून नाई?"

*

एकदा एक म्हाताऱ्या बाई दारात उभ्या राहिल्या. शाळेत असताना ह्याच खोलीत राहायच्या म्हणे. खिडकीखाली त्यांची खाट होती. तिथं आता पाळणा आहे, आणि पाळण्यात आमची मुक्ता नेमकी भोकाड पसरून. मी ओशाळून सॉरी म्हणायला लागले.

"रडू दे बाई," त्या झोका देत म्हणाल्या. "पहिल्या दिशी इथं साऱ्याच रडलो."

*

तर, मुक्ताचं रडणं. आमची भिंत चर्चला लागून. पास्टरसाहेबांचा उपदेश रंगात आला की हिचा सूर लागतो. दर रविवारी! आणि थोड्याच वेळात पलीकडे शेवटचं गाणं सुरू होतं. आमच्या पोरीचा आवाज बुडवायलाच, दुसरं काय! मी पाजून पाहिलं, पाळणा हलवून पाहिला. उपयोग शून्य.

करार संपत आलेला. गावात दुसरी खोली आमच्या पगारात बसणारी नाही. कमिटी रविवारी उपासनेनंतर बसणार होती. निदान तो एक रविवार शांत जावा, म्हणून मी पोरीला घेऊन मेडशीची एसटी धरली.

सोमवारी परत आले, तर सुमनमावशी दारातच. मी मुक्ताला घट्ट धरलं.

"खोली तुमचीच राह्यली," त्या म्हणाल्या. "पन कमिटीची एक अट हाय."

"कोणती?"

"रविवारी पोरीले गावाले न्याचं नाई. काल पास्टरले थांबवाले कोनीच नव्हतं. आमचं दुपारचं जेवन दिवाबत्तीले झालं!"