पडून दाखव

“पडून दाखव,” मालक म्हणाले. “परवा पुलगावले पडली होतीस न, तशीच. पाहू दे सगळ्यायले.”

प्रार्थना नुकतीच झाली होती. सगळी शाळा मैदानात उभी. समोर झेंड्याचा ओटा आणि ओट्याजवळ मी एकटी. नववीत होते. आणीबाणी उठली त्या वर्षीचा हिवाळा. मालक म्हणजे आमच्या शाळेचे सेक्रेटरी. शाळा त्यांच्या जमिनीवर, त्यांच्या आजोबाच्या नावाची. माझा बाप त्यांच्याच शेतात सालदार, वर्षभरासाठी बांधलेला गडी. बाकीचे त्यांना साहेब म्हणत. आमच्या घरी मालक.

मला वाटलं थट्टा करतात. मी हसले. मालक हसले नाहीत.

“पड म्हणतो न.”

मी गुडघे टेकले. मग हात. मग आडवी झाले. मुरूम गालाला रुतला. उन्हानं डोळ्यांत कळ आली म्हणून डोळे मिटले.

“पाहा, डोळे बी मिटते! हिले गॅदरिंगच्या नाटकात घ्या, मास्तर.”

सगळी शाळा हसली. माझ्या टीमच्या पोरीही हसल्या. फाटकाजवळ बैलगाडी उभी होती. शाळेच्या नव्या खोलीसाठी मालकांनी रेती पाठवली होती. गाडीवर माझा बाप. त्यानं सगळं पाहिलं. खाली उतरला नाही. बैलांच्या पाठीकडं पाहत बसून राहिला.

मला मालकांचा राग आला नाही. खरं सांगायचं तर कितीतरी वर्षं आला नाही. माझ्यामुळं बापाला हे पाहावं लागलं, एवढंच मनात होतं. चूक माझीच. मी पडले नसते तर हे झालंच नसतं.

झालं होतं असं. मी कबड्डी खेळायची. चढाईला माझ्यासारखी पोरगी आर्वी-तळेगावच्या अंगाला नाही, असं खेळाचे सर स्वतः म्हणत. पुलगावच्या सामन्यात एका चढाईत तिघींनी मला धरलं आणि आम्ही सगळ्या मिळून खाली आलो. माझं डोकं कडेच्या दगडावर आपटलं. रक्त नाही, खोक नाही. डोळे उघडले तेव्हा वर पोरींचे चेहरे होते आणि प्रत्येकीचे दोन-दोन. मग मी ओकले.

सरांनी टीमच्या कॅप्टनला बाजूला घेऊन विचारलं, “महिन्याची पाळी हाये काय तिची?” मग कोणीतरी कांदा फोडून नाकाला लावला. सर म्हणाले, “काई नाई झालं. पोरीयचं असंच असते. फायनल खेळाची हाये, ऊठ.”

मी उठले. फायनलला उभी राहिले. चढाईला गेले, एकीला बाद केलं आणि परत फिरायचं तर आपली बाजू कोणती तेच कळेना. दोन्हीकडं पोरी ओरडत होत्या. मी मधल्या रेषेकडं पाठ करून पळाले. त्यांनी मला धरलं, पाडलं. पुन्हा तेच डोकं. शाळा हरली. मालक ढाल स्वीकारायला मुद्दाम पुलगावला आले होते. हात हलवत परत गेले.

त्यानंतर शाळेतून घरी आले की झोपतच राहायची. जाग आली की डोकं ठणकायचं. चुलीचा उजेडही सोसायचा नाही, मी भिंतीकडं तोंड करून बसायची. मायनं मीठ-मोहरी ओवाळली. मालकांच्या ओळखीच्या डॉक्टरनं टॉनिक दिलं आणि मायला म्हणाला, “वयात आलेल्या पोरीयले व्हते असं. लगन करून द्या, बरी व्हईन.” डोक्याला हात लावून कोणी पाहिलं नाही. मलाही सांगावंसं वाटलं नाही. मास्तर ढोंग म्हणतात, मालक ढोंग म्हणतात. एवढी शिकलेली माणसं. माझ्या मनातही आलं, मी ढोंगच करत असेन.

आता ताईचं सांगते. ते सांगताना जीभ जड होते.

कौसल्या माझी मोठी बहीण. आम्ही दोघी एकदमच शाळेत होतो. धाकटा भाऊ झाला आणि माय वावरात जायला लागली तेव्हा पोराला सांभाळायला कोणीतरी घरी पाहिजे होतं. बाप म्हणाला, एक पोरगी घरी राहील, एक शिकेल. ताईची चौथी झाली होती, हुशार होती. ती म्हणाली, “लहानी जाऊ द्या.” म्हणून मी गेले. ती रोज सांजच्याला भांडी घासता घासता म्हणायची, “आज काय शिकवलं? वाच न वं.” मी मोठ्यानं वाचायची. भूगोल, इतिहास, सगळं. तिला धडे पाठ व्हायचे. माझ्या पुस्तकावर ताई शिकत होती.

पुलगावनंतर अक्षरं हलायला लागली. ओळ धरली की सुटायची. ताई म्हणायची, “वाच न.” मी अंगावर जायची, “मले नाई येत! तूच वाच!” ती भांड्यांकडं वळायची. तिला वाटलं, मला शाळेचा माज आला.

दहावीला मी नापास झाले. पुन्हा बसले, पुन्हा नापास. माय रडली. ताई म्हणाली, “जाऊ दे, व्हते असं.” आणि उठून गुरांना पाणी दाखवायला गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एका घरात एकच पोरगी शिकणार होती. ती जागा मी घेतली आणि वाया घालवली. पुढं ताईचं लग्न पुलगावकडच्या एका गावात झालं. मांडवातून निघताना तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. मला तिच्याकडं पाहता आलं नाही.

माझं लग्न जमलं नाही. ‘पोरगी डोक्यानं कमी हाये’ हे आधीच सगळीकडं पोचलेलं. बापाच्या चाकरीपायी मालकांनी मला संस्थेच्या मुलींच्या शाळेत चपराशी म्हणून ठेवलं. घंटा द्यायची, पाणी भरायचं, खोल्या झाडायच्या. मीही म्हणायची, मालकांचे उपकार.

मग कितीतरी वर्षांनी शाळेत आरोग्य शिबिर झालं. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यातून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मी त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेले आणि दारात उजेड आला तशी मान फिरवली. त्यांनी ते पाहिलं.

“डोकं दुखतं का तुमचं?”

“नेहमीचंच हाये, बाई.”

“कधीपासून? कधी डोक्याला मार लागला होता?”

आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. मायनं नाही, मास्तरांनी नाही, डॉक्टरनं नाही. मी तिथंच खाली बसले आणि पुलगावचं सगळं सांगितलं. बाईंनी मधे तोंड घातलं नाही. मग म्हणाल्या, “तुमच्या मेंदूला मार लागला होता. वरून दिसत नाही, पण आतून लागतं. त्या दिवशी तुम्हाला परत खेळायला उतरवायलाच नको होतं. आराम द्यायला हवा होता. दुसऱ्यांदा लागलं ते जास्त वाईट झालं.”

“मंग मी नाटक नोती करत?”

“नाही हो. कोण म्हणालं असं?”

कोण म्हणालं! कोण म्हणालं नव्हतं ते विचारा.

बाईंना वाटलं असेल, मला बरं वाटेल. मला बरं वाटलं नाही. मी बापाकडं वावरात गेले, त्याला सांगितलं. त्यानं हातातला विळा खाली ठेवला. मग म्हणाला, “त्या दिवशी मी गाडीवरून उतराले पायजे होतो.” एवढंच बोलला आणि कामाला लागला. इतकी वर्षं तोही तेच ओझं वाहत होता. मालकांनी ते कधीच वाहिलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या मैदानावर मुलींचे सामने झाले. मालक मांडवात पहिल्या खुर्चीवर. आमच्या शाळेची मंगला नावाची पोरगी, आठवीतली, चढाईला गेली आणि दुसऱ्या पोरीच्या गुडघ्यावर तिचं डोकं आदळलं. ती उठली, चार पावलं तिरपी चालली आणि ओकली. मी पाण्याची बादली घेऊन कडेला उभी होते. खेळाचे सर आता नवे होते, तरणे. ते ओरडले, “पाणी मारा तोंडावर! मंगला, चल, ऊठ!”

माझ्या हातातली बादली पडली. मी मैदानात गेले, मंगलाचं डोकं मांडीवर घेतलं आणि मधल्या रेषेवर बसले.

“हे पोरगी नाई खेळनार.”

सर म्हणाले, “मावशी, बाजूला व्हा.”

“नाई खेळनार. हिले वर्ध्याले न्या.”

मालक मांडवातून उठून आले. त्यांना वाकावं लागलं, कारण मी उठले नाही.

“चपराशी हायेस. चपराशासारखी राह. लोकं पाहून राह्यले.”

“पाहू द्या,” मी म्हणाले. “मले उचलून फेका, मंग खेळ सुरू करा. माह्या वक्ती कोनी बसलं नोतं मालक, म्हनून मी बसली.”

फार शूर वगैरे नव्हते मी. फक्त जागची हलले नाही. सामना थांबला. मंगलाचा बाप गर्दीतून आला, तोही माझ्यावरच चिडला. पण मंगला पुन्हा ओकली तेव्हा तो घाबरला. आम्ही तिला एसटीनं वर्ध्याला नेलं. मी तिचं डोकं धरून बसले, खड्ड्यांचे हिसके लागू नयेत म्हणून.

मंगला बरी झाली. दवाखान्यात ठेवलं, आराम सांगितला, घरी सोडली. गावात हसू झालं. मालक म्हणाले, “काय निघालं? काई नाई. चांगला सामना बिघडवला.” मला कामावरून काढलं. बापाचं सालही पुढच्या वर्षी धरलं नाही. दुसरा मार लागला नाही म्हणूनच पोरगी बरी राहिली, हे मी कोणाला पटवणार? जे झालंच नाही ते दाखवायचं कसं? मंगला पुढं मॅट्रिक झाली. तिच्या घरचं कोणी मला कधी भेटायला आलं नाही. मला त्याचं दुःख नाही.

मी कापूस वेचायला जाऊ लागले. वेचणीत बायका ओळीनं चालतात, हात कामात, तोंड मोकळं. मी बोलायला लागले. डोक्याचं सांगायची. म्हणायची, दह्याचं गाडगं जोरात हालवलं तं गाडगं फुटत नाई, पन आतलं दही मोडते. तसंच डोक्याचं. रक्त नाई आलं म्हनजे लागलं नाई असं नाई. पोरगी पडली, ओकली, येड्यावानी बोलली तं तिले निजवा, दवाखान्यात न्या, तिले ढोंगी म्हनू नका. बायका ऐकायच्या. मग ओळ संपता संपता एखादी जवळ यायची, हळूच सांगायची. कोणाला विहिरीवरच्या रहाटाचा दांडा लागला होता. कोणाचं डोकं नवऱ्यानं चौकटीवर आदळलं होतं. “तवापासून इसरते वं मी. सासू म्हनते येडी झाली.” डॉक्टरीणबाईंना कळवलं. त्या गावोगाव शिबिराला जात, मला सोबत नेऊ लागल्या. आधी त्या सांगायच्या, मग मी आमच्या बोलीत.

असंच एकदा ताईच्या गावी गेलो. समाजमंदिरात बायका जमल्या. ताई मागं भिंतीला टेकून बसली होती. मी नेहमीचं सगळं बोलले. कोणाला असं लागलं काय, विचारलं. दोन हात वर झाले. ताईचा नाही.

दुपारी तिच्या घरी जेवायला गेले. ती चुलीपुढं बसली. वरणात मीठ टाकलं. पळी फिरवली. पुन्हा मीठ टाकलं. मग हात तसाच धरून भांड्याकडं पाहत राहिली, काय करायचं होतं ते आठवत.

ते बसणं मी ओळखलं. माझंच होतं ते.

सासरी गेल्यावर ताई बदलत गेली होती. हळू बोलायची, गोष्टी विसरायची. मी लोकांना सांगायची, ताई भोळी झाली, संसारात गुंतली. मी! गावोगाव डोक्याचं सांगत फिरणारी मी.

“ताई, तुया डोक्याले काय झालं?”

“काई नाई. धूर हाये.”

मी उठून तिचा पदर मागं सारला. केस बाजूला केले. कानामागं बोटभर जागा टकली होती, कातडी ओढलेली.

“कायनं मारलं?”

ती डोक्यावर पदर ओढत म्हणाली, “मुसळ होतं.”

“मले काऊन नाई सांगितलं?”

“तुले काय सांगू? तवा तूच उजेडाकडं पाठ करून बसत होती. म्हटलं, तुह्या मागं आणखी कायले लावू.”

दारात भाऊजी उभे होते. मी त्यांच्याकडं वळले.

“भाऊजी, ताईच्या डोक्यावर मुसळ मारलं तुमी?”

“जुन्या गोष्टी हायेत. पाहुनी आली, भाकर खाय अन् जाय.”

मी भाकर खाल्ली नाही. ताईला घेऊन निघाले. वाटेत तिनं विचारलं, “बरी व्हईन काय मी?” मी खोटं बोलले नाही. वर्ध्याला डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, थोडं सुधारेल, सगळं परत येणार नाही. ताई आता माझ्यापाशी राहते. सांजच्याला ती भांडी घासते आणि मी वाचून दाखवते. एक ओळ मी अडखळते, एक ओळ ती विसरते.

पुलगावच्या हरण्याचा गुन्हा माझा नव्हता, हे मला बाईंनी सांगितलं आणि मी मानलं. दहावीचंही मानलं. ताईचं मात्र मानत नाही. तिथं मला कोणी माफी देऊ नये. सगळ्या जिल्ह्याला विचारत फिरले आणि घरच्या माणसाला विचारलं नाही. ही बोच मी ठेवून घेतली आहे. तिच्याच जोरावर चालते.

आता हात वर करा असं मी कोणाला म्हणत नाही. घरात जाते. शाळेत जाते. मास्तर आडवे आले, सासू आडवी आली, सेक्रेटरी आला तरी आत जाते. पाणी नको, चहा नको, बसायला टाकू नका. तुमची पोरगी कुठं आहे? तुमची सून कुठं आहे? तिला समोर आणा. आधी मी तिचं डोकं पाहणार.