सभासद आवारातच आहेत

फोन नानांच्या मुलीचा होता. मीरा इथेच, जर्मनीत जन्मली, इथेच वाढली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. त्या दिवशी ती मराठीत बोलली आणि पुढचं ऐकायच्या आधीच मला समजलं. "काका, बाबा गेले. सकाळी, झोपेतच." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. बरं काय त्यात... जूनपासून मी नानांशी बोललो नव्हतो, आणि आता नोव्हेंबर होता.

नाना टिपणीस तरुणपणी लंडनला बॅरिस्टर व्हायला गेले आणि न होताच राहिले. खोली गारठलेली असायची, म्हणून पार्लमेंटच्या प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसायचे. तिथे ऊब फुकट. "कायदा डोक्यात शिरला नाही पवार, गमती तेवढ्या शिरल्या," असं तेच मला सांगायचे. पुढे हेल्गावहिनींशी लग्न करून ते इकडे आले, गेर्लिंगेनजवळच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात लागले. मी चौथी शिकलेला. लेथवर हात चांगला, म्हणून त्याच कारखान्यात टिकलो. माझ्या हातचा तुकडा कधी परत आला नाही, हे मी आजही कुणालाही सांगतो. नाना शिकलेले, मी अडाणी, पण तीस वर्षांत त्यांनी तो फरक मला कधी जाणवू दिला नाही. म्हणून तर ते पुढचं इतकं लागलं.

आम्ही दोघे रिटायर झालो तेव्हा पुण्या-मुंबईच्या इंजिनिअर पोरांनी इथल्या श्पोर्टप्लात्सवर, म्हणजे खेळाच्या मैदानावर, चटई टाकून रविवारी क्रिकेट सुरू केलं होतं. कडेला एक बाक. नाना स्कोअर लिहायचे, मी चुका काढायचो. ओव्हर संपली की पार्लमेंट सुरू. नवीन सभापतीला हाताला धरून ओढत खुर्चीत बसवतात, कारण पूर्वी त्या खुर्चीतल्या माणसाची मान उडायची. राणी पार्लमेंटात येते तेव्हा एका सभासदाला तिच्या वाड्यात ओलीस ठेवतात, ती सुखरूप परत जाईपर्यंत. सभागृहात जमिनीवर दोन लाल रेघा आहेत, मध्ये दोन तलवारींचं अंतर, रेघ ओलांडून बोलायचं नाही. एकदा रनआउटवरून दोन पोरं एकमेकांच्या अंगावर गेली, तर नानांनी चुन्याने दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "आता भांडा. आल्झो, चला, सुरू करा." पोरं हसायलाच लागली.

आणि टोपीचा नियम. तिथे सभासद जास्त, बाकं कमी. म्हणून पूर्वी लवकर येऊन जागेवर आपली टोपी ठेवायची, की जागा धरली. पण टोपी डोक्यावरचीच हवी. काही हुशार लोक दोन टोप्या घेऊन यायचे, ती लबाडी. आणि टोपीचा मालक आवारातच पाहिजे, टोपी ठेवून घरी गेला तर जागा गेली. हा नियम नानांनी आमच्या बाकाला लावला. एकदा मी तसाच चहाला उठलो, परत येतो तर माझ्या जागेवर दुसराच. नाना वहीतून मान वर न करता म्हणाले, "टोपी कुठे होती, पवार?" अख्खी इनिंग मी उभ्याने पाहिली. नियमाच्या बाबतीत माणूस दगड होता.

नाना गेले त्या वर्षी जूनमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप जर्मनीत होता. इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात सगळे सांगत होते, मॅचसाठी ऑफिसं लवकर सुटतात. मी म्हटलं, "त्यात काय, इंग्लंडची पार्लमेंट पूर्वी घोड्यांच्या शर्यतीसाठी बंद ठेवायचे. दरवर्षी ठराव मांडून." अख्खं टेबल हसलं. माझ्या मुलाचा एक मित्र म्हणाला, "काका, तुम्हाला कुणीतरी मस्त फिरवलंय." मुलगाही हसला. रविवारी मी बाकापाशी उभा राहूनच नानांना म्हणालो, "चौथी पास माणूस मिळाला करमणुकीला. तीस वर्षं उल्लू बनवलंत." नाना चकित झाले. "अहो, खरं आहे ते. पुस्तक दाखवतो ना." मी म्हणालो, "इंग्रजी पुस्तक? मला? आणखी हसा." आणि चालू लागलो. त्यांनी दोनदा फोन केला. मी घेतला नाही.

खेळ मात्र सुटला नाही. दर रविवारी मी मैदानामागच्या कुंपणाआडून बघायचो. तिथून बाकाची पाठ दिसायची आणि नानांचं डोकं, बोडकं, उन्हात तापून लाल झालेलं. मनात म्हणायचो, म्हातारपणी टोपी घालायची अक्कलही गेली याची.

दहा दिवसांनी हेल्गावहिनींकडे गेलो. त्या मला अजून हेर पवारच म्हणतात, म्हणजे श्रीयुत पवार. त्यांनी नानांची करडी टोपी आणि एक पुस्तक पुढे ठेवलं. पुस्तकात खूण म्हणून स्कोअरचा कागद. घरी नातीने ते पान वाचलं आणि सांगितलं. शर्यत खरी होती, सुट्टी खरी होती, ठरावही खरा होता.

पण त्याआधी वहिनींनी जे सांगितलं... "नाना उन्हाळाभर झोनेनब्रांड घेऊन घरी यायचा. डोकं उन्हाने भाजून सगळं सोललेलं. मी रागावले, टोपी घाल. तो म्हणाला, टोपी पवारांच्या जागेवर आहे. मी म्हटलं, मग दुसरी ने. म्हणाला, दोन टोप्या चालत नाहीत." वहिनींनीच सांगितलं, पोरं बसायला आली की नाना म्हणायचे, "जागा धरलेली आहे. सभासद आवारातच आहेत."

आवारातच. म्हणजे कुंपणाआडचा मी त्यांना दिसत होतो. आणि दुसऱ्याची जागा आपल्या टोपीने धरता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? एका टोपीसाठी मला अख्खी इनिंग उभं ठेवणाऱ्या माणसाने नियम मोडला तो माझ्यासाठी, आणि मी कुंपण ओलांडलं नाही. वीस पावलं होती. दोन तलवारींपेक्षा थोडी जास्त.

आता खेळ बंद आहे, मैदान गारठलेलं. तरी रविवारी मी बाकावर जातो. माझी टोपी काढून नानांच्या जागेवर ठेवतो. त्यांची घरी खुंटीला आहे, ती नेत नाही, दोन चालत नाहीत. डोक्याला वारा झोंबतो. कुत्रा फिरवणारी एक म्हातारी बाई परवा थांबली आणि इथल्या रीतीप्रमाणे विचारलं, जागा मोकळी आहे का.

मी नकारार्थी मान हलवून म्हणालो, "नाइन." आणि मग माझ्या कारखान्यातल्या जर्मनमध्ये, जमेल तसं सांगितलं, की ते इथेच आहेत.